माघ सरला, शिमगा आला : किनाऱ्यावरची फोटोभटकंती आणि सोबतचं सामान

कातळवाट :

माघ सरत आला की व्यनिमध्ये (खासगी निरोपात) एकच प्रश्न यायला लागतो : "मार्चमध्ये कोकणात येतोय, कुठली लेन्स आणू?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा धागाच काढला. मी रत्नागिरीत असतो, नोकरी सांभाळून फोटो काढतो, त्यामुळे जे लिहितोय ते शनिवार-रविवारवाल्यांच्याच कामाचं आहे.

लेन्सचं नंतर बघू. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, आणि तारीख नाही, तिथी बघा.

आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहल ठरवायला एवढं बस्स आहे.

आता हे सूर्यास्ताशी जुळवा. मार्चच्या मध्याला रत्नागिरीत सूर्य पावणेसातच्या सुमारास बुडतो. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी साडेपाच-सहाला पुरी होते. म्हणजे ऐन सूर्यास्ताला समुद्र लांब गेलेला, मैलभर ओली वाळू आरशासारखी पसरलेली, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे. त्यात हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्तच मागे हटतं. अष्टमीच्या आसपास आलात तर सूर्यास्ताला भरती. वाळूची चिंचोळी पट्टी उरते आणि तिच्यावर घोडागाडीपासून भेळवाल्यापर्यंत सगळे उभे. मग लोक म्हणतात, "कोकणात गर्दी वाढली हो." गर्दी वाढली हे खरं, पण तुम्ही अष्टमीला आलात हेही खरं.

२१ मार्चच्या आगेमागे सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. आपला किनाराही बहुतेक ठिकाणी पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य सरळ समोर पाण्यात उतरतो. डिसेंबरात तो डाव्या हाताला सरकलेला असतो, कधी टेकाडाच्या मागे जातो.

सामानाबद्दल माझं मत : किनाऱ्यासाठी एक साधी झूम, ट्रायपॉड, सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि भरपूर फडकी. एफ ११, आयएसओ १०० वर संध्याकाळी १/३० सेकंदाचं शटर मिळत असेल तर सहा स्टॉपने दोन सेकंद होतात. परतणाऱ्या लाटेच्या रेघा यायला दोन सेकंद पुरतात. दहा स्टॉपवाला घेऊन समुद्राचं धुकं करायची फॅशन आहे, मला ते आवडत नाही. समुद्र समुद्रासारखा दिसला पाहिजे.

पोलरायझर आणा. माडाच्या झावळ्या आणि ओला कातळ यांच्यावरची चकाकी तो मारतो. पण ओल्या वाळूतलं आकाशाचं प्रतिबिंब हीसुद्धा चकाकीच असते, तीही तो मारतो. सूर्यास्ताला आठवणीने काढून ठेवा.

बाकीच्यांनी भर घालावी. शिमग्याबद्दल मी मुद्दामच लिहिलं नाही, त्यातले जाणकार इथे आहेत.

मोबाईलवाला :

वाखु (वाचनखूण) साठवली. पाऊणकीचं गणित पहिल्यांदाच कळलं. कॅमेरा नाही, फोन आहे. चालेल ना?

कातळवाट :

चालेल काय, धावेल. फोन उंचावरून धरू नका, वाळूच्या जवळ आणा. पायाच्या घोट्याच्या उंचीवरून ओल्या वाळूत आख्खं आकाश येतं. लेन्स मात्र दर दहा मिनिटांनी पुसा, खाऱ्या वाऱ्याचा थर डोळ्यांना दिसत नाही पण फोटोत दुधाळपणा येतो.

दर्यासारंग :

आमच्याकडे त्येका भांग म्हणतत. अष्टमीच्या बाजूक पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय. देवबागात येतलास तर पुनवेक नायतर अवसेक येवा. आणि रापणीचे फोटो काढूचे आसतीत तर आधी रापणवाल्यांका ईचारा, मगे कॅमेरो भायर काढा.

बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर संपादक मंडळ रागावतं.

रापण तारकर्ली, देवबाग, वायंगणी या पट्ट्यात अजून ओढतात. होडीतून जाळं अर्धगोल टाकून त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणतात. दोन्ही टोकांना माणसं, मध्ये बरंच अंतर. जाळं जसजसं जवळ येतं तशा दोन्ही रांगा सरकत सरकत एकमेकींजवळ येतात. बाहेरून येणारे सुरुवातीला धडाधड फोटो काढतात आणि खरा खेळ सुरू होतो तेव्हा चहाला गेलेले असतात. शेवटची दहा मिनिटं महत्त्वाची. दोर संपून जाळ्याची खोळ पाण्याबाहेर येते, आत बांगडा-तारली चमचमते, वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात, बगळे पायापायात येतात, आणि सगळे एकाच वेळी ओरडत असतात.

आमच्या किनाऱ्यावर सूर्य माडांच्या मागून येतो. उजाडलं तरी पुळणीवर बराच वेळ सावलीच असते. लोक त्याला "लाईट नाही" म्हणतात. अहो, तोच तर लाईट. चेहऱ्यावर कडक सावली नाही, पाण्यावर चकाकी नाही. आयएसओ ८०० ते १६०० ठेवा आणि निवांत काढा. ३५ किंवा २४-७० एमएमची लेन्स पुष्कळ झाली. दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका, ताण आला की पायात येतो. आणि जमलं तर कॅमेरा गळ्यात अडकवून दोन हात दोराला लावा. नंतर कोणी फोटोला नाही म्हणत नाही.

पुळणकर :

+१. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनपासून लागते, तेव्हा हर्णे बंदर बघायचं असेल तर तेही आत्ताच. लिलाव दुपार उतरल्यावर सुरू होतो. होड्यांतून मासळी किनाऱ्याला येते, बैलगाड्या पाण्यात उतरतात, मागे सुवर्णदुर्ग, आणि सूर्य समोर. सगळं काळ्या आकृतीत घ्या, रंग शोधू नका. मासळीच्या ढिगाजवळ चप्पल घसरते, एवढं सांभाळा.

चाकरमानी :

शिमग्याचं मी लिहितो. गाव संगमेश्वर तालुक्यात, राहायला विरारला, आणि शिमग्याला रजा न देणारी नोकरी आयुष्यात धरली नाही.

सगळ्यात आधी : "कोकणातला शिमगा कधी असतो?" हा प्रश्नच चुकीचा आहे. गावागणिक वेगळा. काही गावांचा तेरसे शिमगा, म्हणजे त्रयोदशीचा, काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेचा. नंतर पालखी घरोघरी फिरते ती कुठे पाच दिवस, कुठे पंधरा दिवस. म्हणून होळीच्या एकाच सुट्टीत सगळं बघू म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. एक गाव धरा, ओळखीचं माणूस धरा, आणि तिथेच थांबा.

पालखीत देवीची रूपं (मुखवटे) लावतात तो क्षण घरगुती असतो. तिथे कॅमेरा चालेल का हे मानकऱ्यांना विचारायचं, नाही म्हणाले तर नाही. सहाणेवर (पालखी ठेवतात त्या गावच्या चौथऱ्यावर) पालखी नाचते तेव्हा मात्र मोकळं रान. खांद्यावर घेणारे दोघे-चौघे, ढोल-ताशा वाढत जातो, पालखी गर्रकन फिरते, वरून गुलाल. इथे दोन तऱ्हेचे फोटो निघतात. १/५०० ला गुलाल हवेत गोठतो, कण न् कण दिसतो. १/१५ ला पालखी रेघांची होते आणि नाचणाऱ्याचा एखादा चेहरा स्थिर राहिला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दुसऱ्या तऱ्हेत बहुतेक फोटो फुकट जातात, जाऊ देत.

रात्री हॅलोजनच्या उजेडात आयएसओ ३२०० शिवाय पर्याय नाही. फ्लॅश मारू नका. पालखी डोक्यावर घेऊन फिरणाऱ्याच्या डोळ्यात झगमगाट झाला तर तो अडखळेल, आणि मग तुमची खैर नाही. गुहागर-चिपळूण बाजूचा संकासूर (शिमग्यातलं काळ्या वेशातलं सोंग) बघायचा असेल तर त्याच्या काळ्या कपड्यांमुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या.

आता गुलाल. गुलाल हा कॅमेऱ्याचा यम आहे. पाणी दिसतं, गुलाल दिसत नाही. तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. एकच झूम लावून जायचं, १८-१३५ किंवा २४-१०५. पुढे यूव्ही फिल्टर. कॅमेऱ्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड, बटणांच्या फटींवर कागदी टेप. झूम फिरवली की लेन्स आत हवा ओढते आणि हवेबरोबर रंगही, म्हणून नाचाच्या वेळी फोकल लांबी एकदा ठरवून टाका आणि पायांनी पुढेमागे व्हा.

घरी आल्यावर लगेच पुसायला घेऊ नका. ओलं फडकं लागलं की गुलालाचा रंग होतो आणि तो फटीत झिरपतो. आधी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. मग मऊ ब्रश. मग कोरडं फडकं. सगळ्यात शेवटी, गरज असेल तरच, जरासं ओलं. पिशवी फेकून द्या, पुढच्या वर्षी वापरायला ठेवू नका.

सुरंगी :

वा, चाकरमानी दादा, लेखच पाडलात की!

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे रोंबाट (शिमग्याची मिरवणूक) असतं, त्याच्यावर वेगळा धागा होईल. मी फुलांबद्दल सांगते, कारण कोकण म्हटलं की सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहतात आणि मागे काय फुललंय ते कुणी बघत नाही.

आसोली-आरवली भागात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुरंगी येते. फुलं फांद्यांना चिकटून, झुबक्यांनी. गजऱ्यासाठी कळी हवी, उमललेल्या फुलाला भाव नाही, म्हणून तोडणारे उजाडायच्या आतच शिडी लावून झाडावर असतात. ऊन चढलं की कळ्या उमलतात, पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात आणि मधला पिवळा केसरांचा गोंडा बाहेर येतो. मग मधमाश्यांचा असा घोंघाट की झाड गुणगुणतंय असं वाटावं. फोटो दोन वेळांना वेगळे निघतात. पहाटे माणसं, शिड्या, टोपल्या. आठनंतर फूल आणि माशी.

मॅक्रो लेन्स असली तर उत्तम. नसली तर किट लेन्सला साधी एक्स्टेन्शन ट्यूब लावा, स्वस्तात काम होतं. वारा किनाऱ्यावर लवकर सुटतो, तेव्हा ट्रायपॉडच्या भानगडीत न पडता शटर १/४०० च्या वर ठेवा.

तोडणाऱ्या बायकांचे फोटो काढलेत तर नंतर पाठवा हो त्यांना. दरवर्षी कोणीतरी "पाठवतो" म्हणून नंबर घेऊन जातं.

कोशिंबाबद्दल कुणी बोललंच नाही अजून. फुलं नाहीत, नवी पालवीच लालभडक येते. डोंगरात एखादंच झाड पेटल्यासारखं दिसतं. उन्हाकडे तोंड करून, पानामागून उजेड येईल असं उभं राहा. पोलरायझर इथे कामाचा.

पक्षीवेडा ठाणेकर :

मस्त धागा. काटेसावर आणि पांगारा कुठे चांगला मिळेल? आणि मुख्य म्हणजे समुद्री गरुडाचं चालू घरटं कुठे आहे का? वेळास-बाणकोट बाजूला असतं असं ऐकलंय. नेमकी जागा व्यनि केलीत तरी चालेल. नवीन १५०-६०० लेन्स घेतलीय.

कातळवाट :

पांगारा-सावर शोधायला जीपीएस नको. राजापूर ते लांजा हायवेने येताना दोन्ही बाजूंना लाल दिसेल तिथे गाडी बाजूला घ्या. झाडाखाली जाऊ नका, थोडं लांब आणि शक्यतो वरच्या चढावर उभे राहा, म्हणजे फुलाची आणि तुमची पातळी एक होते आणि मागे आकाशाऐवजी डोंगराचा करडा रंग येतो. सकाळी सात ते नऊ. मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, सगळे मधावर येतात. पळसमैनांचा थवा आला तर बाकीचे पळतात.

घरट्याचं मात्र सांगणार नाही. व्यनितही नाही.

पक्षीवेडा ठाणेकर :

अहो, लांबूनच काढणार आहे. ६०० एमएम आहे म्हटलं ना.

पुळणकर :

भाऊ, राग मानू नका. प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. हा गरुड तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, दरवर्षी काटक्या वाढवतो. जागा एकदा फुटली की तुमच्यामागे दहा जण, त्यातला एक झाडाखाली जातो, एक ड्रोन उडवतो. पक्षी घरटं सोडून उठला की पिल्लू किंवा अंडं उन्हात. धनेशाचंही तेच. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फळं आणतो. झाडाखाली माणसं दिसली तर तो जवळ येतच नाही, आत मादी आणि पिल्लं उपाशी. देवरुखपासून तिळारीपर्यंत आमच्याकडे धनेश आहेत ते लोकांनी झाडं राखली म्हणून आहेत.

गरुड उडताना काढा की! खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला, मासा उचलताना. घरट्यावरच्या फोटोपेक्षा तो कितीतरी अवघड आणि चांगला.

पक्षीवेडा ठाणेकर :

पटलं. मग खाडीवर काय काय मिळेल ते तरी सांगा.

पुळणकर :

आता बरोबर विचारलंत. हिवाळी पाहुणे निघायच्या तयारीत असतात आणि मार्चमध्येच त्यांचा पेहराव बदलतो. तपकिरी डोक्याचा कुरव (समुद्रपक्षी) डिसेंबरात बघितलात तर डोकं पांढरं, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. मार्चमध्ये तोच पक्षी, डोक्यावर गडद तपकिरी बुरखा चढवलेला. अर्धवट बदललेलेही असतात, शाई सांडल्यासारखे. चिखल्यांच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. एप्रिल उजाडला की बहुतेक पसार. आंजर्ले, गुहागर, दाभोळची खाडी, भाट्ये. ओहोटी लागल्यानंतरचा पहिला तास गाठा, चिखल उघडा पडत जातो तसे ते खायला पुढे सरकतात. तुम्ही हलू नका, तेच जवळ येतात.

थवा उठवून "फ्लाईट शॉट" काढणाऱ्यांना माझ्याकडून नारळ नाही, नुसती करवंटी.

मोबाईलवाला :

करवंटी!! ठ्ठो.

पक्षीवेडा ठाणेकर :

एक तक्रार : गेल्या वेळी दुपारी वाळूवरून काढलेले सगळे फोटो मऊ आले. लेन्स सर्व्हिसला टाकावी का?

कातळवाट :

लेन्स ठीक असेल. तापलेल्या वाळूवरची हवा लहरते, त्याला कुठलीही लेन्स पुरी पडत नाही. जितकं लांबून काढाल तितकी लहर जास्त. सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर) तर नऊनंतरच सुरू होते. सकाळी लवकर या, किंवा जवळ जाता येईल असा पक्षी निवडा. अजून एक : एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढलात की लेन्सवर दव धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा.

दूरची बाळ :

मी नाशिकहून. वेळासला कासव महोत्सवाला यायचंय, मुलगी आठ वर्षांची आहे. तिलाही छोटा कॅमेरा दिलाय. काय काय सांभाळावं?

पुळणकर :

ताई, जरूर या. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून वेळास पूर्वी माहीत असायचं, आता कासवांचं म्हणून. ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी साधारण शंभरेक अंडी घालते. ती अंडी उचलून कुंपणातल्या घरट्यात ठेवतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उघडून बघतात. पिल्लं निघतीलच असं नाही, ते त्यांच्या मर्जीवर. म्हणून एक मुक्काम तरी ठेवा, गावात घरगुती सोय होते आणि जेवण फर्मास.

फ्लॅश आणि फोनची बॅटरी (टॉर्च) पूर्ण बंद. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, समुद्राकडून परत फिरतं. दोरीच्या बाहेर बसायचं, बसायचंच, उभं नाही. कॅमेरा वाळूला टेकवा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे असतो, पिल्लाच्या पाठीवरचे खवले, वाळूवरचे वल्ह्यासारखे ठसे स्पष्ट येतात. संध्याकाळी तेच पिल्लू समोरच्या उजेडात काळं होतं आणि ओल्या वाळूत उलटं दिसतं. ७०-२०० असेल तर तीच. लेकीला सांगा, पहिलं पिल्लू नुसतं डोळ्यांनी बघ, दुसऱ्यापासून फोटो.

वेळासला गर्दी वाटली तर आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी इथेही घरटी राखतात. मुंबईहून येणारे हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून फेरीने वेसवीला उतरले तर मोठा वळसा वाचतो.

ड्रोनाचार्य :

सगळं छान, पण वरून काढलेल्या कोकणाची मजा काही और. माझा २५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला लायसन्स लागत नाही.

कातळवाट :

लायसन्स लागत नाही, नकाशा बघावा लागतो. चिपी विमानतळ, रत्नागिरी विमानतळ, बंदरं यांच्याभोवती मनाई किंवा परवानगीचे पट्टे आहेत, डिजिटल स्काय या सरकारी साइटवर दिसतात. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर वेगळी परवानगी. आणि कुरवांच्या थव्यावर, कासवांच्या किनाऱ्यावर, गरुडाच्या हद्दीत उडवू नका हे नकाशात नाही, पण वर पुळणकरांनी लिहिलंय.

ड्रोनाचार्य :

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सड्यावरचा :

कातळशिल्पांचं (सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांचं) कोणीच काढलं नाही? धागाकर्त्याचं नाव कातळवाट आणि कातळच गायब!

कातळवाट :

वाटच बघत होतो कोणी विचारतंय का.

कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून वर्दळ वाढलीय. फोटोसाठी फाल्गुन-चैत्र सगळ्यात बरा काळ. पावसात कातळावर शेवाळ आणि पाणी, त्यानंतर कमरेइतकं गवत. आता गवत वाळून बसलेलं असतं, रेषा मोकळ्या.

पण भर दुपारी गेलात तर काही दिसणार नाही. पायाखाली हत्ती असतो आणि लोक विचारतात "कुठे आहे?" खोदाई काही सेंटिमीटरांचीच. सूर्य डोक्यावर असला की खाचेत सावली पडत नाही आणि सगळा जांभा एकरंगी दिसतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना, सकाळी सात-आठला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, उजेड आडवा सरपटत येतो, खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी होते आणि आकृती जमिनीतून उठून येते. आधी चित्राभोवती एक फेरी मारा. कुठल्या बाजूने रेषा ठळक दिसतात ते ठरवा, मग कॅमेरा काढा. उजेड तुमच्या पाठीमागून नको, बाजूने किंवा समोरून हवा.

दुसरी अडचण आकाराची. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे. उभं राहून कितीही वाईड लावली तरी तो तिरपा, ताणलेला येतो. मोनोपॉडच्या टोकाला कॅमेरा बसवून, दहा सेकंदांचा टायमर लावून, दोन हातांनी डोक्यावर उंच धरायचा. फोनवरून लाईव्ह व्ह्यू बघता आला तर उत्तम. तुकड्यातुकड्यांनी काढून जोडलं तरी चालतं. किंवा आख्ख्या हत्तीचा नाद सोडा, त्याच्या पोटातले छोटे प्राणी काढा. उक्षीच्या हत्तीला भोवती कुंपण केलंय, तिथे कुंपणाबाहेरूनच.

सड्यावरचा :

रेषा ठळक दिसायला पाणी ओततात किंवा खडूने गिरवतात, ते कितपत बरं?

कातळवाट :

खडू, चुना, कोळसा, काहीही नको. जांभा सच्छिद्र असतो, भरलेलं आत जातं आणि राहतं. चुकीची रेष गिरवलीत तर पुढचा माणूस तीच खरी समजून काढतो. पाण्याचीही गरज नाही. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर एक टॉर्च जमिनीला टेकवून बाजूने धरा, पाच सेकंदांचं एक्स्पोजर द्या, पाण्याने दिसलं नसतं ते दिसेल. बूट काढून चढा म्हणणार नाही, कारण फुरसं (विषारी साप). उलट बूट घालाच, पण खाचांवर पाय देऊ नका.

रातकिडा :

फुरसं म्हणालात म्हणून : रात्री सड्यावर आकाशगंगा काढायला येणाऱ्यांनी एकटं येऊ नये. फुरसं दगडासारखंच दिसतं आणि बिबट्याही फिरतो. जोडे, चांगली बॅटरी आणि गावात कुणालातरी सांगून जाणं.

मार्चच्या मध्यात आकाशगंगेचा गाभा रात्री दीडच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, पाचपर्यंत बऱ्यापैकी वर येतो. एप्रिलच्या मध्यात मध्यरात्रीच्या आधीच. म्हणजे किनाऱ्यावर उभं राहिलात तर समुद्र पश्चिमेला आणि आकाशगंगा तुमच्या पाठीमागे माडांवर! समुद्रावर हवी म्हणून हट्ट करू नका, माड, देऊळ, चिरेबंदी गडगा असं काहीतरी पुढे घ्या. एफ २.८, आयएसओ ३२००, क्रॉप सेन्सरवर १६ एमएमला वीस सेकंद. त्याच्या पुढे तारे लांबट होतात.

अमावास्या हवी हे सांगायला नको.

कातळवाट :

आणि अमावास्येला पहाटेही ओहोटी असते, तेव्हा सड्यावरून उतरून सरळ किनाऱ्यावर.

सुरंगी :

खाऱ्या वाऱ्याचं राहिलं. आमच्या घरी कपाटातल्या लेन्सला बुरशी लागते, बाहेर नेलीच पाहिजे असं नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या, त्या कधीच्याच फुस्स झाल्या.

कातळवाट :

ताई, पुड्या भरलेल्या असतात, कढईत मंद आचेवर गरम केल्या की पुन्हा चालतात, फक्त कागदी किंवा प्लास्टिकच्या पुडीतून दाणे बाहेर काढून. रंग बदलणारे दाणे घेतलेत तर कळतं तरी. हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्के ठेवा. फार कोरडंही नको. तांदळात ठेवायचा सल्ला मिळेल, ऐकू नका, तांदळाची भुकटी आत जाते. पाऊस लागायच्या आत ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर नव्या लेन्सआधी ते घ्या, आपल्या हवेत तेच पैसे वाचवतं.

किनाऱ्यावरून आल्यावर : बॉडी पुसायला डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, नंतर कोरडं. बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजमध्ये मिळतं तेच. ट्रायपॉडचे पाय उघडे करून गोड्या पाण्याच्या बादलीत, मग सावलीत वाळवा. कार्बनचा आहे म्हणून निवांत राहू नका, स्क्रू आणि लॉक धातूचेच असतात. वाळूत ट्रायपॉड उभा करताना पाय आधी खोल दाबा, परतणारी लाट पायाखालची वाळू नेते आणि दोन सेकंदांत तुमचा फोटो हलतो.

चाकरमानी :

एवढं बोलून झालं, आता कट्टा (प्रत्यक्ष भेट) करूया का? शिमग्याला मी गावात अडकलेला, नंतर मोकळा.

कातळवाट :

फाल्गुनी अमावास्येच्या लगतचा शनिवार धरू. चार वाजता भाट्ये, सुरूच्या बनाच्या बाजूला. सूर्यास्ताला ओहोटी आहेच. रात्री ज्यांना जमेल त्यांनी रातकिड्याबरोबर सड्यावर, रविवारी सकाळी सातला कातळशिल्प, दहाला आंबोळ्या खाऊन ज्याचा त्याचा रस्ता.

पक्षीवेडा ठाणेकर :

येतो. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट बघतो. पाडव्याच्या तोंडावर घरून सुट्टी मिळवणं हा वेगळा विषय.

मोबाईलवाला :

मीही. ट्रायपॉड नाही, फोनचा क्लॅम्प आहे.

कातळवाट :

ट्रायपॉड माझ्याकडे जादा आहे, क्लॅम्प घेऊन या. ठाणेकर, १५०-६०० आणा पण रात्री सड्यावर नेऊ नका, वजनाने जीव जाईल. टोपी आणि पाण्याची बाटली सगळ्यांनी. नावं इथेच टाका, आंबोळ्यांचा आकडा आदल्या दिवशी द्यावा लागतो.